लेबल नसलेली कुजबुज

मोरेश्वर टिकेकरच्या बायकोच्या कानात देवदत्त सरपोतदार बोलायला लागला, त्या दिवसापासून मोरेश्वरचं जेवणावरून लक्ष उडालं.

वाचणाऱ्याने लगेच भिवया उंचावू नयेत. जे चाललं होतं ते उघड्यावर चाललं होतं. दर शनिवारी दुपारी तीन ते सहा, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत, एकनाथकाका जोगळेकरांच्या बेसमेंटमध्ये, चहा-चिवड्यासकट, पंधरा माणसांच्या डोळ्यांदेखत. मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाच्या तालमी होत्या त्या, साल दोन हजार सहा. नाटक एकनाथकाकांनीच लिहिलं होतं. त्यातल्या बापाची मुख्य भूमिका त्यांनीच घेतली होती, आणि स्वतः लिहिलेल्या नाटकातलं एकही वाक्य त्यांना पाठ नव्हतं.

दोष त्यांचा एकट्याचा नाही. अमेरिकेतल्या मराठी माणसाला नाटकाचं प्रेम उतू जातं, फक्त पाठांतर तेवढं जमत नाही. तो दिवसभर कोड लिहितो, संध्याकाळी पोरांना सॉकरला नेतो, वीकेंडला लॉन कापतो आणि तालमीला येऊन म्हणतो, "यार, या वीकमध्ये स्क्रिप्ट उघडायलाच झालं नाही." हे तो सलग दहा वीक म्हणतो. मग सगळा भार येतो विंगेतल्या प्रॉम्प्टरवर. आदल्या वर्षी प्रॉम्प्टरचा आवाज नटांपेक्षा खणखणीत लागला होता, आणि पुण्याहून लेकीकडे आलेले एक आजोबा तिसऱ्या रांगेतून म्हणाले होते, "त्या आतल्यालाच बाहेर आणा, त्याचं पाठ दिसतंय."

ही नामुष्की पुन्हा नको म्हणून देवदत्तने आपल्या गॅरेजमध्ये बसून एक यंत्र बनवलं. साबणाच्या डबीएवढी एक पेटी, तिला छोटा माइक, आणि कानात घालायच्या हरभऱ्याएवढ्या पाच गुंड्या. नट पाच, गुंड्या पाच. देवदत्त पडद्यामागे बसून पेटीत कुजबुजायचा आणि त्याचं वाक्य बिनतारी नटाच्या कानात पोचायचं. नट ते म्हणून मोकळा. प्रेक्षकाला पत्ता नाही.

"देवदत्त, कमाल आहे यार," असं प्रत्येकजण म्हणाला. मोरेश्वर सोडून. मोरेश्वर त्या वेळी सोफा उचलत होता. त्याच्याकडे रंगमंच व्यवस्था होती, म्हणजे पहिल्या अंकात सोफा डावीकडे आणि दुसऱ्या अंकात सोफा उजवीकडे.

आता यातली मेख अशी की त्या सबंध बेसमेंटमध्ये बिनतारी यंत्रांच्या धंद्यातला माणूस एकच होता आणि तो सोफा उचलत होता. मोरेश्वर बारा वर्षं बिनतारी डोअरबेल बनवणाऱ्या कंपनीत होता. तो बेल बनवत नसे. बेलच्या पाठीवर जे लेबल असतं ते तो बनवी. अमेरिकेत रेडिओ लहरी सोडणारी कुठलीही वस्तू विकायची तर एफसीसी नावाच्या सरकारी खात्याची मंजुरी लागते, मंजुरीचा नंबर लागतो, आणि तो नंबर ठरलेल्या मजकुरासकट वस्तूवर छापावा लागतो. त्या मजकुराचा अर्थ थोडक्यात असा, की हे यंत्र दुसऱ्या कुणाला त्रास देणार नाही, आणि दुसऱ्याकडून होणारा सगळा त्रास, स्वतःचं काम बिघडलं तरी, सोसून घेईल. मोरेश्वरला वाटायचं, हे वाक्य कोणा लग्न झालेल्या माणसाने लिहिलं असणार. बारा वर्षं तो ते वाक्य लहान-मोठ्या अक्षरांत बसवत आला होता, आणि बारा वर्षांत मंडळातल्या एकाही माणसाने त्याला विचारलं नव्हतं की तू नक्की काय करतोस. त्याची मुलगी वल्लरी शाळेत सांगायची, "माय डॅड डझ स्टिकर्स."

हे सगळं त्याने सोसलं असतं. पण तिसऱ्या तालमीला, दुसऱ्या अंकात, नायिका झालेली नीलांबरी, म्हणजे त्याची सोळा वर्षांची बायको (लग्नाला सोळा, वयाने एक्केचाळीस), वाक्याच्या मध्येच थांबली, ओठ दाबून हसली आणि थोडी लाल झाली. तिच्या कानात त्या क्षणी देवदत्त होता.

घरी आल्यावर मोरेश्वरने पहिला घास तोंडात तसाच ठेवून विचारलं, "काय म्हणाला तो?"

"कोण?"

"देवदत्त. दुसऱ्या अंकात. तू हसलीस."

"म्हणाला असेल काहीतरी. आता कुठे लक्षात आहे."

"कानात म्हणाला आणि लक्षात नाही?"

"मोरेश्वर, पोळी घे. गार होतेय."

मोरेश्वरने पोळी घेतली नाही. त्याचा हिशोब साधा होता. सोळा वर्षांत आपलं एक वाक्य हिने पुरतं ऐकून घेतलं नाही. गॅरेजचं दार लाव म्हटलं तर लावत नाही. आणि तो सरपोतदार जे कानात सांगेल ते ही जसंच्या तसं, हावभावांसकट, तीनशे लोकांसमोर म्हणणार. वर देवदत्तचा आवाज खर्जातला, चव्वेचाळिसाव्या वर्षी पोट नाही, आणि बायको आसावरी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने पुण्याला. जळणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त लाकूड लागत नाही.

पुढच्या शनिवारी मंडळाच्या मीटिंगमध्ये, गणपतीच्या प्रसादाला शिरा की मोदक यावर पाऊण तास झाल्यावर, मोरेश्वरने घसा साफ केला. "त्या यंत्राला लेबल नाही," तो म्हणाला.

"कसलं लेबल?" एकनाथकाकांनी विचारलं. ते मंडळाचे अध्यक्ष. अडुसष्ट साली मिनेसोटात आले, तेव्हापासून अध्यक्षच असावेत.

"एफसीसीचं. मंजुरीशिवाय लहरी सोडणं गुन्हा आहे, काका. फेडरल."

फेडरल हा शब्द त्याने मुद्दाम शेवटी ठेवला होता, आणि तो बरोबर जागी बसला. त्या खोलीत बसलेल्या अकरा जणांपैकी सात जणांची ग्रीन कार्डं कुठल्या ना कुठल्या कचेरीत अडकली होती. ही माणसं पुण्यात असताना उलट्या दिशेने स्कूटर घालून वर पोलिसाशी वाद घालायची. इथे आल्यापासून पन्नासच्या रस्त्यावर अठ्ठेचाळीसने चालवतात आणि लायब्ररीचं पुस्तक एक दिवस लेट झालं तर रात्रभर झोपत नाहीत. फेडरल म्हटल्यावर खोलीत असा सन्नाटा पसरला की वरच्या मजल्यावरचा फ्रीज ऐकू यायला लागला.

नायकाचं काम करणारा शंतनू नागपूरचा, तो पहिला बोलला. "भाऊ, माझं ग्रीन कार्डाचं फोर-एटी-फाइव्ह पेंडिंग आहे. मी कानात काही घालणार नाही बुवा."

"माझंही नाव कार्यक्रमपत्रिकेतून काढा," त्याची बायको रेणू म्हणाली.

"लॉयरला विचारायला हवं," कोणीतरी म्हणालं.

"लॉयरला विचारलं तर रेकॉर्ड होतं," दुसऱ्याने सांगितलं. त्याचा कोणी मित्र डॅलसला होता, त्याने असंच काहीतरी विचारलं होतं आणि तो आता नाशिकला असतो.

एकनाथकाकांच्या पत्नी शोभाकाकू नाटकात आत्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं काय घाबरता? गणपतीपुढे ठेवू, हळदकुंकू वाहू, झालं." आणि त्यांनी खरोखरच उठून पेटी देवापाशी नेली, तिच्यावर हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या. त्यातलं थोडं माइकच्या जाळीतून आत गेलं.

मोरेश्वर मनातून फुलला होता. यंत्र गेलं, देवदत्त गेला, कुजबुज गेली. तेवढ्यात देवदत्त खुर्चीवरून म्हणाला, "अरे पण आपल्याकडे मोरेश्वर आहे ना. तो हेच करतो. तूच मिळवून दे ना यार मंजुरी."

बारा वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी आठवलं की मोरेश्वर हेच करतो, आणि ते देवदत्तला आठवावं. एकनाथकाकांनी तिथल्या तिथे ठराव केला. मंजुरी आली तर नाटक, नाही आली तर या वर्षी नाटक नाही, अंताक्षरी. सर्वानुमते पास.

घराचं दार उघडताना नीलांबरी म्हणाली, "सहा वर्षांनी मला मोठं काम मिळालंय, मोरेश्वर. अंताक्षरी झाली तर तू आणि मी बघून घेऊ."

म्हणजे झालं असं की ज्या माणसाचं नाक कापायचं त्याच्याच यंत्राला सरकारदरबारी पोचवायची जबाबदारी मोरेश्वरच्या बोडक्यावर आली. मंजुरीला काय लागतं हे त्याला पाठ होतं. चाचणीचा अहवाल, आतले फोटो, बाहेरचे फोटो, यंत्र कसं चालतं त्याचं वर्णन, वापरणाऱ्यासाठी पुस्तिका, आणि लेबल कुठे लागणार त्याचं चित्र. आणि हे सगळं लिहायचं तर यंत्र बनवणारा समोर बसायला हवा. देवदत्त बसला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, ऑफिस सुटल्यावर, मोरेश्वरच्या डायनिंग टेबलाशी.

तो आला की नीलांबरी थालीपीठ लावायची. "बिचाऱ्याची बायको नाही इथे," हे कारण. मोरेश्वरची बायको इथे असताना त्याला सोमवारी थालीपीठ कधी मिळालं नव्हतं, त्या दिवशी सूप असायचं. वल्लरी, जी एरवी बापाच्या खोलीत पाऊल टाकत नसे, ती खाली येऊन देवदत्तकडून सोल्डरिंग शिकायला लागली. "देव अंकल इज सो चिल, बाबा," तिने सांगितलं. मोरेश्वर टेबलाच्या टोकाला बसून इंग्रजीत लिहीत होता, "या यंत्राची रचना अत्यंत कल्पक आहे." ते वाक्य त्याने तीनदा खोडलं. चौथ्यांदा ठेवलं, कारण ते खरं होतं. त्याने दुसऱ्याच्या कामात बारा वर्षं चुका शोधल्या होत्या आणि या पेटीत त्याला सापडेना.

मग लेबल. हरभऱ्याएवढ्या गुंडीवर लेबल मावत नाही, आणि नियमालाही ते कळतं. जागा नसेल तर मजकूर पुस्तिकेत छापा, असं त्यात चक्क लिहिलंय. मोरेश्वरला हे देवदत्तपेक्षा, आणि खात्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा चांगलं माहीत होतं. पण टेबलावर देवदत्तची कलाकुसर आणि स्वतःची नुसती पुस्तिका, हे त्याला सोसेना. त्याने भिंग आणलं, नीलांबरीच्या भुवयांचा चिमटा घेतला, आणि तीन संध्याकाळी पाचही गुंड्यांवर नखाच्या टोकाएवढी लेबलं चिकटवली. नंबरची जागा रिकामी, नंबर आला की भरायची.

शोभाकाकू साबुदाण्याच्या पापडांचा डबा द्यायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "हे काय, तांदळावर गणपती काढतोयस?"

"लेबल आहे, काकू."

"वाचता येतं कुणाला?"

"वाचता येण्याचा प्रश्न नाही. असण्याचा आहे."

"अगं पण त्या देवदत्तला एवढी चिकाटी नाही हो," काकू नीलांबरीला म्हणाल्या. मोरेश्वर सुखावला, एवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "त्याला डोकं आहे ना."

ऑगस्टच्या मध्यावर मोरेश्वर तो सगळा संच आणि दीडशे पानांची फाइल घेऊन आपल्या कंपनीच्या चाचणीघरात गेला. ते सांभाळायचा आर्नी. त्याचे आजोबा नॉर्वेहून आलेले, वय एकसष्ट, दिवसाला वीस वाक्यं बोलणार, त्यातली बारा माशांबद्दल. त्याने पेटी उघडली, बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"हे काय?"

"ते अप्रूव्हल आहे," मोरेश्वर म्हणाला. "दुसऱ्या खात्याचं."

आर्नीने मान डोलावली. काळ्या फोमच्या सुळक्यांनी मढवलेल्या बंद खोलीत फिरत्या टेबलावर पेटी ठेवून त्याने तिच्या लहरी मोजल्या. कागद बाहेर आला. मर्यादेच्या आत, आरामात. "चांगलं काम आहे," तो म्हणाला. "तू केलंस?"

"एका ओळखीच्याने," मोरेश्वर म्हणाला. हे म्हणताना त्याची दाढ ठणकली.

"किती बनवलेत?"

"ही एक पेटी. या पाच."

"विकणार?"

"नाही."

"तयार किट आणून जोडलंय?"

"नाही. स्वतःच्या डोक्याने."

आर्नीने त्याच्याकडे, मासा गळाला आहे की गवत ते बघावं तसं बघितलं. मग फडताळातून नियमांचं जाड पुस्तक काढलं, भाग पंधरा, कलम तेवीस उघडलं आणि बोट ठेवून वाचलं. घरी बनवलेलं, न विकायचं, किटवरून न जोडलेलं, स्वतःच्या वापरासाठी पाच किंवा पाचपेक्षा कमी बनवलेलं यंत्र असेल तर मंजुरी लागत नाही. लहरींची मर्यादा शक्य तितकी पाळा म्हणजे झालं.

"ती तर पाळलीय," आर्नी म्हणाला. "घरी जा."

मोरेश्वरने ते पुस्तक बारा वर्षं वापरलं होतं. त्याच्या स्वतःच्या प्रतीत भाग पंधराची पानं हाताळून काळी झाली होती. पण त्याची कंपनी पाच बेल कधी बनवत नाही, पन्नास हजार बनवते, त्यामुळे कलम तेवीसचं पान त्याच्या अंगठ्याखालून रोज उलटून गेलं होतं. त्याने वाचलं नव्हतं. भटजीला सत्यनारायणाची पोथी पाठ असते, आणि साधुवाण्याने नेमकं काय केलं ते विचारलं की तो प्रसादाकडे बघतो, त्यातली गत.

लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडी लावून तो बराच वेळ बसला. सांगायचं, तर दोन महिन्यांची फाइल, भिंग, चिमटा, सगळं फुकट, आणि देवदत्त पहिल्या दिवसापासून बरोबर. न सांगायचं, तर अंताक्षरी, आणि नीलांबरी बघून घेणार. अशा वेळी सरळ माणूस सांगून टाकतो आणि खोटा माणूस गप्प बसतो. मोरेश्वर मध्यमवर्गीय होता. त्याने तिसरा मार्ग काढला.

"मंजुरीची गरज नाही," त्याने मीटिंगमध्ये जाहीर केलं. "मी नियमातून वाट काढली आहे. कलम तेवीस." टाळ्या झाल्या. शंतनूने मोबाइलवर लगेच लॉयरला काहीतरी कॅन्सल केलं. मोरेश्वरने हात वर केला. "पण एक अट आहे. पेटी चालवणारा माणूस या क्षेत्रातला, ट्रेनिंग झालेला पाहिजे. ऑपरेटर."

अशी काही अट नव्हती. कलम तेवीसमध्ये नाही, बाविसात नाही, चोविसात नाही. ती मोरेश्वरने पार्किंगमध्ये बनवली होती, आणि तिची गणना घरगुती वस्तूंतच व्हावी.

आता देवदत्त चिडेल, हुज्जत घालेल, अशी त्याने तयारी ठेवली होती. उत्तरंही पाठ केली होती. देवदत्त म्हणाला, "बेस्ट झालं. तूच बस. आसावरी शुक्रवारी येतेय, मला तिच्या शेजारी बसून नाटक बघता येईल." आणि स्क्रिप्ट त्याच्या हातात देऊन तो चहा घ्यायला गेला. ज्याच्यावर दोन महिने जळलो त्याने जागा अशी सहज उठून द्यावी, यासारखा अपमान नाही. मोरेश्वरला वाटलं, निदान थोडं तरी वाईट वाटून घ्यायचं.

प्रयोगाच्या दिवशी शाळेचं ऑडिटोरियम भरलं होतं. तीनशे माणसं, जिलेबीचा वास, खाली लॉबीत गणपती. विंगेत मोरेश्वर पेटीपुढे बसला. शेजारी पाण्याची बाटली, गुडघ्यावर स्क्रिप्ट. नीलांबरीने मोरपंखी साडी नेसली होती, अंबाड्यावरून कानांवर येईल असा भरगच्च गजरा माळला होता. कुठल्याशा दुकानाने तो गजरा शिकागोहून मागवला होता.

पहिला अंक झकास गेला. मोरेश्वर एकेक वाक्य पेटीत सोडत होता आणि वाक्यं रंगमंचावर उमटत होती. एकनाथकाका तर वाक्य कानात पडलं की क्षणाचा विचार न करता म्हणून टाकत. नीलांबरीचं विशेष होतं. मोरेश्वरचं वाक्य अर्धं व्हायच्या आत ती ते पुरं करत होती, सुरात, अर्थासकट. याला म्हणतात मन जुळणं, त्याला वाटलं. सरपोतदारला हे जमलं होतं का? त्याच्या वेळी ती दोन-दोन सेकंद मागे असायची.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी एक जागा अशी होती की मुलीला पत्र येतं आणि ती रंगमंचाच्या पुढे येऊन ते मनात वाचते. कोणी बोलत नाही. बाप, आत्या, नायक आणि त्याची बहीण मागे थिजून उभे. निळसर प्रकाश. नीलांबरी पत्र धरून उभी राहिली आणि मोरेश्वरला ती विंगेतून एका बाजूने दिसली, मान किंचित कलती.

सोळा वर्षांत जे त्याने कधी म्हटलं नव्हतं ते तो माइकला ओठ लावून म्हणाला. "नीलू, आज तू फार छान दिसतेस."

आता पेटी एक होती, लहर एक होती आणि कान पाच होते. हे मोरेश्वरने आपल्या दीडशे पानी फाइलीच्या तिसऱ्याच पानावर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. पण कागदावर लिहिलेलं घरी लागू करायची त्याला सवय नव्हती.

एकनाथकाका एक पाऊल पुढे आले आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा भरदार आवाजात म्हणाले, "नीलू, आज तू फार छान दिसतेस."

नाटकातल्या मुलीचं नाव कुंदा होतं. सभागृहात खसखस पिकली.

मोरेश्वर घाबरून पेटीत कुजबुजला, "काका, ते तुम्हाला नव्हतं."

आत्या झालेल्या शोभाकाकूंना वाटलं, वाक्य आपलं. त्यांनी पदर सावरून नवऱ्याला सुनावलं, "ते तुम्हाला नव्हतं."

"अहो, हे नाटकात नाही," मोरेश्वर म्हणाला.

"अहो, हे नाटकात नाही," शंतनू म्हणाला, हात पसरून, नागपुरी हेल काढून.

तीनशे माणसं लोळायला आली. मोरेश्वर पान शोधू लागला, पाण्याची बाटली स्क्रिप्टवर कलंडली, दुसरा अंक ओला झाला. पेटी बंद करायची अक्कल त्याला सुचली नाही. उलट तो स्वतःशीच पुटपुटला, आणि माइक तोंडापुढेच होता. "मेलो. देवदत्त इथे असता तर हे झालं नसतं."

एकनाथकाकांनी छाती भरून श्वास घेतला. "मेलो," ते म्हणाले. "देवदत्त इथे असता तर हे झालं नसतं."

चौथ्या रांगेतल्या देवदत्तकडे अख्ख्या सभागृहाने माना वळवल्या. आसावरीने त्याच्याकडे बघितलं, की मी दोन महिने नव्हते तर तू काय काय करून ठेवलंस. आपण जळतो त्या माणसाची एवढी मोठी तारीफ, तीही तीनशे लोकांसमोर, सगळ्यांत वयस्कर नटाच्या तोंडून, आणि शब्द आपलेच. मोरेश्वरने डोळे मिटून घेतले.

रंगमंचावर चारजण विंगेकडे बघत गप्प उभे होते. मग नीलांबरीने पत्राची घडी घातली, वळली, आणि एकनाथकाकांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, "बाबा, त्या माणसाचं नाव या घरात पुन्हा काढू नका." आणि तिथून पुढचं सगळं, स्वतःचं, बापाचं, आत्याचं, नायकाचं, ज्याचं अडेल त्याचं वाक्य ती प्रश्नात घालून विचारत गेली आणि समोरचा नुसतं हो-नाही म्हणत गेला. अंक संपला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पडदा पडल्यावर शोभाकाकू विंगेत आल्या. कानातली गुंडी काढून त्यांनी मोरेश्वरच्या तळहातावर ठेवली. "अरे गाढवा, हे सगळ्यांनाच ऐकू येतं. तालमीत देवदत्त एकदा 'काका, चेन' म्हणाला, तेव्हा आम्ही पाचहीजण हसलो होतो. ह्यांनी तर पाठ फिरवून लावली." मोरेश्वरला त्या दिवशी एकच हसताना दिसली होती. बाकीच्या चौघांकडे त्याने बघितलंच नव्हतं. "आता ते पहिलं वाक्य तुझं होतं ना? मग तिला सांग जाऊन," काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांना कशाला सांगतोस?"

सांगायला सवड मिळाली ती परतताना, गाडीत. वल्लरी मागे हेडफोन लावून झोपली होती. लॉबीत तासभर लोक एकनाथकाकांना घेरून होते. त्या रंगमंचावर कधीच न येणाऱ्या देवदत्तची कल्पना तुम्हाला सुचली कशी, असं विचारत होते, आणि काका म्हणत होते, लिहिताना आपोआप सुचतं.

"तुला सगळं पाठ होतं," मोरेश्वर म्हणाला.

"जूनपासून. कुणाचं तरी पाठ असायला नको?"

"मग ती गुंडी?"

"तालमीत घालायचे, सगळ्यांनी घातली होती म्हणून. आज घातली नाही. पर्समध्ये आहे." नीलांबरीने गजरा काढून डॅशबोर्डवर ठेवला. "कानात टोचत होती. तू काहीतरी कागद चिकटवला होतास ना तिच्यावर."

मोरेश्वरने एक लाल सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल होऊ दिला. मागे कोणी नव्हतं.

"काका मात्र पार भरकटले होते," ती म्हणाली. आवाज जरा मऊ झाला होता. "पण बघ ना, मध्येच काय म्हणाले. नीलू, आज तू फार छान दिसतेस. नाटक विसरून. मला ना, पुढचं पत्र वाचवेना क्षणभर. किती वर्षांनी कोणी म्हणालं मला."

"ते मी म्हणालो होतो," मोरेश्वर म्हणाला.

"तू आत बसला होतास."

"आतूनच म्हणालो. पेटीत. तुझ्यासाठी. ते काकांच्या कानात गेलं."

नीलांबरी त्याच्याकडे वळून बसली.

"मोरेश्वर," ती म्हणाली, "देवदत्तवर जळलास, मी दोन महिने काही बोलले नाही. पण काका अडुसष्ट वर्षांचे आहेत रे. त्यांचं एक वाक्य तरी त्यांच्याकडे राहू दे."